खडकोळची सरळ रेघ

दिवाळीच्या आठवड्यात खडकोळ निम्मं रिकामं होतं. यंत्रमाग बंद पडतात, परप्रांतातले कामगार गाड्या धरून आपापल्या मुलखाला जातात, आणि जे मागे राहतात ते उन्हं वर आल्यावर उठतात. पुण्याच्या कार्यालयात बसलेल्या वसुधा हेरवाडेला हे सगळं गावच्या गटारातून कळत होतं. त्या आठवड्यात खडकोळच्या मैलापाण्यातला चहाचा अंश एकतृतीयांशाने उतरला होता. चहा उतरला म्हणजे माणसं उतरली. 'शमोल'ची रेघ मात्र तसूभरही हलली नव्हती.

वसुधाने तीन वर्षांचा आलेख पडद्यावर मांडला. उन्हाळा, गणपती, पगाराचे दिवस, संपाचे दिवस, सगळीकडे रेघ सारखीच. इतर गावांच्या रेघा डोंगरांसारख्या चढत-उतरत होत्या. खडकोळची रेघ पट्टी लावून ओढल्यासारखी होती. माणसं इतकी नियमित नसतात, आणि व्यसनी माणसं तर नसतातच.

शमोल ही वेदनाशामक गोळी. २०२९ साली अर्कवती लाइफसायन्सेस नावाच्या कंपनीने ती बाजारात आणली, आणि हिची सवय लागत नाही अशी हमी दिली. बारा-बारा तास मागासमोर उभे राहणारे, खडी फोडणारे, भट्टीपुढे घाम गाळणारे ती घेऊ लागले. रंगावरून तिचं नाव पडलं गुलाबी. सवय तर लागतच होती, आणि पहिल्या चाचण्यांपासून कंपनीला ते ठाऊक होतं. ते कागद न्यायालयात यायला सहा वर्षं लागली. तोवर एकेका गावात दर गल्लीला एक-दोन फोटोंना हार चढले होते. वसुधाचा थोरला भाऊ सन्मती त्यांतलाच एक.

खटला तडजोडीने मिटला. कंपनीने अठरा वर्षं, दर वर्षी, राज्याला ठरलेली रक्कम द्यायची. न्यायालयाने अट घातली की यातला एक रुपयाही रस्त्यांवर, बगीचांवर किंवा इमारतींच्या रंगरंगोटीवर खर्च होता कामा नये. उपचार आणि पुनर्वसन, एवढ्यासाठीच तो वापरायचा. त्यावर नजर ठेवायला निधी देखरेख मंडळ नेमलं गेलं. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, सोबत दोन डॉक्टर, एक लेखापरीक्षक, आणि घरातलं माणूस गमावलेले दोन नागरिक.

प्रश्न होता वाटपाचा. प्रत्येक आमदार आपल्या तालुक्यासाठी भांडणार हे उघड होतं. म्हणून मंडळाने भांडण्याची सोयच ठेवली नाही. त्यांनी जागल्या बसवला.

जागल्या म्हणजे तळहाताएवढी पेटी. ती गटाराच्या चेंबरमध्ये टांगायची. आत ग्राफीनचा पापुद्रा, केसाच्या लाखाव्या हिश्शाहून पातळ, आणि त्यावर डीएनएचे आखूड धागे रोवलेले. प्रत्येक धागा एका विशिष्ट रेणूभोवतीच मुडपेल असा घडवलेला. शमोलचा रेणू आला की धागा त्याला मिठी मारतो, पापुद्र्यातून वाहणारी वीज किंचित बदलते, आणि त्या बदलावरून पाण्यात औषध किती ते कळतं. दुसऱ्या जातीचे धागे चहाचा अंश टिपतात. त्यावरून त्या गटारामागे माणसं किती याचा अंदाज येतो. भागाकार केला की दरडोई आकडा मिळतो. कुणाच्या घरात डोकवायला नको, कुणाचं नाव विचारायला नको. ज्या तालुक्याचा आकडा मोठा, त्याला निधीचा वाटा मोठा. सूत्र इतकं स्वच्छ होतं की पहिल्या वर्षी वर्तमानपत्रांनी त्यावर अग्रलेख लिहिले.

"गाव तुमचंच ना?" मंडळाच्या पुणे कार्यालयातल्या संचालक पडवळांनी आलेख पाहून विचारलं. "दुसऱ्या कुणाला पाठवू?"

"तिथलं व्यसनमुक्ती केंद्र माझी वहिनी चालवते," वसुधा म्हणाली. "ते मी पहिल्याच वर्षी लिहून दिलंय. पण काम चेंबरमधलं आहे. पेटी बिघडली असणार."

"नव्या पेट्या घेऊन जा मग. आणि जे दिसेल ते लिहा."

नव्या पेटीत एक गोष्ट जास्त होती. गोळी पोटात गेली की यकृत तिच्या रेणूची एक छोटी शेपटी छाटून टाकतं, आणि लघवीवाटे बाहेर पडतो तो बहुतेक हा छाटलेला रेणू. जुना जागल्या फक्त मूळ रेणू ओळखायचा. नवा दोन्ही वेगवेगळे मोजायचा. छाटलेले रेणू भरपूर आणि मूळ थोडे असतील, तर पाणी माणसांच्या शरीरांतून आलंय. उलट असेल, तर औषध कुणाच्या पोटात गेलेलंच नाही.

खडकोळला ती सकाळी पोचली. माग पुन्हा सुरू झाले होते आणि रस्त्यावर बोलायचं तर आवाज चढवावा लागत होता. 'उभारी' केंद्र सुताच्या जुन्या गोदामात होतं. राजमती वहिनी दारातच भेटल्या. कपाळावर चष्मा, हातात हजेरीची वही.

"या वन्सं. जेवायला आलाय की पेटी घेऊन?"

"दोन्ही," वसुधा म्हणाली.

"मग आधी जेवण. आई सकाळपासनं वाट बघायल्यात."

सन्मती गेला तेव्हा राजमती चौतीस वर्षांची होती. मागावर कांड्या भरायचं काम करायची. तिने माहेरी जाणं नाकारलं, सासूला सांभाळलं, आणि निधी सुरू झाला त्या वर्षी समुपदेशनाचं प्रशिक्षण घेऊन हे केंद्र उघडलं. वीस खाटा, तीन समुपदेशक, आठवड्यातून तीन दिवस येणारा डॉक्टर. रोज सकाळी दोनशेवर माणसं रांगेत उभी राहून मोजून दिलेलं औषध पीत, तलफ मारणारं पण झिंग न आणणारं, आणि तिथून कामाला जात. येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी आपल्याजवळच्या सगळ्या गुलाबी गोळ्या द्यायच्या, असा वहिनींचा नियम होता. त्या मोजून, सील करून, जाळण्यासाठी जिल्ह्याला पाठवायच्या, असा सरकारचा.

रफिक मोमीन त्या रांगेची व्यवस्था बघत होता. माग दुरुस्त करणारा जॉबर. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोने त्याला हातगाड्यावर घालून इथे आणलं होतं. आता तो जेवणाच्या सुट्टीत नव्या लोकांना घेऊन बसायचा.

"तुमच्या वहिनींनी शिव्या दिल्या मला," त्याने वसुधाला सांगितलं. "आईनं पण दिल्या नव्हत्या तशा. म्हणून उठलो."

वसुधाने तीन चेंबरमध्ये तीन पेट्या टांगल्या आणि चार दिवस आईजवळ राहिली. पाचव्या दिवशी सकाळी तिने नोंदी उघडल्या.

रोज सव्वाअकराला, नऊ मिनिटं, शमोलची एक लाट येत होती. तिच्यात छाटलेले रेणू जवळजवळ नव्हतेच. उरलेल्या दिवसभराच्या पाण्यात छाटलेले रेणू होते, पण किती थोडे. तिने आकडा दोनदा तपासला. खडकोळमध्ये आज माणसं जेवढी गुलाबी घेत होती, ती राज्याच्या सरासरीच्या पाचव्या हिश्शाइतकीही नव्हती. वसुधाला एक क्षण ऊर भरून आल्यासारखं झालं. आपल्या गावाने हे करून दाखवलं. वहिनीने करून दाखवलं.

मग तिने पेट्यांचे क्रमांक पाहिले. लाट सर्वांत आधी उमटत होती ती 'उभारी'च्या मागच्या चेंबरमध्ये.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ती केंद्राच्या मागच्या दाराने आत गेली. राजमती वहिनी मोरीपाशी पाटावर बसल्या होत्या. समोर खलबत्ता. खलात गुलाबी पूड. वहिनींनी वर पाहिलं, पण हात थांबवला नाही. दोन घाव आणखी घातले, मग बत्ता बाजूला ठेवला.

"कळलं म्हणायचं," त्या म्हणाल्या.

वसुधा मोरीच्या कट्ट्यावर बसली.

"किती?"

"रोज तीस. लोकांनी दिलेल्याच हायत. एक पण बाहेरनं आणलेली न्हाई."

"जाळायला पाठवल्या म्हणून तुमची सही आहे, वहिनी."

"हाय. खोटी सही हाय ती." राजमतीने पदराला हात पुसले. "साडेतीन वर्षांमागं आमचा आकडा उतरला. माणसं सुधारली, म्हणून उतरला. तुमच्या मंडळाचं पत्र आलं. पहिल्या ओळीत अभिनंदन, दुसऱ्या ओळीत चाळीस टक्के कपात. डॉक्टर बंद झाला. दोन पोरी कामावरनं कमी केल्या. दहा आठवड्यांत चार माणसं गेली. बाबू कोष्टी. सलीम. आण्णाप्पा मगदूम. आणि ती चौगुल्यांची सून, पाच महिन्यांची गरोदर."

"तुम्ही कळवायचं होतं."

"तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याचं उत्तर आलं. 'सूत्रात अपवादाची तरतूद नाही.' खाली सही तुमची होती, वन्सं."

माग चालूच होते. भिंतीतून त्यांची धडधड येत होती.

"ती सही छापील असते," वसुधा कसंबसं म्हणाली. "तसली पत्रं आपोआप जातात. मी ते वाचलंच नव्हतं."

"मला वाटलं, वाचलं असंल."

वसुधा खलातल्या पुडीकडे बघत राहिली. सन्मतीच्या खिशात शेवटी सापडल्या त्या गोळ्या याच रंगाच्या. ज्यांनी त्या सोडल्या, त्यांच्याच गोळ्या कुटून त्यांचा दवाखाना चालू ठेवला जात होता. हिशेब म्हणून पाहिला तर त्यात वावगं काय, हे क्षणभर तिलाच सांगता आलं नसतं. पण तिने मांजरडोह पाहिलं होतं.

"वहिनी, राज्याची रक्कम वर्षाला ठरलेली असते," ती म्हणाली. "एकाला जास्त गेलं की दुसऱ्याचं कमी होतं. केंद्र चालेल एवढे मोठे वाटे या विभागाला मोजकेच. त्यांतल्या शेवटच्यासाठी तीन वर्षं दोन गावांत चुरस होती. तुम्ही आणि मांजरडोह. खडीच्या खाणींचं गाव. त्यांचा आकडा चढत होता, पण तुमच्या खालीच राहायचा. त्यांच्याकडे केंद्र नाही. एका शाळेच्या खोलीत एक नर्स बसते आणि नावं लिहून घेते. गेल्या महिन्यात मी गेले होते. यादीत त्रेचाळीस नावं. त्यांतल्या अकरा नावांवर रेघ मारलेली. मी विचारलं, यांना जागा मिळाली का? ती म्हणाली, नाही, ही माणसं गेली."

राजमती वहिनी पाटावरून उठल्या नाहीत. त्या खलाच्या काठावरून बोट फिरवत होत्या.

"हे मला कुणी सांगितलं न्हाई."

"वाटपाचा तक्ता संकेतस्थळावर असतो."

"तक्ता बघितलाय मी. त्यात गावं हायत. त्यांच्या मागं माणसं हायत हे मी..." त्या थांबल्या. "मला कळाय पायजे होतं. दुसऱ्या कुणाला न्हाई, तर मला कळाय पायजे होतं."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आता काय करणार तुम्ही?"

"सोमवारी अहवाल जाईल."

"जाऊ दे. मला लपवायचं असतं, तर तुम्ही आलाय म्हटल्यावर चार दिवस थांबले असते." मग त्यांनी पूड कागदात बांधली, वर तारीख घातली, आणि वसुधाच्या हातात दिली.

वसुधाने अहवाल त्याच दुपारी लिहायला घेतला. एक वाक्य पुरलं असतं: जुन्या पेटीत यंत्रदोष आढळला, नवी बसवली. पुढच्या तिमाहीपासून खरे आकडे आले असते आणि कुणालाच काही कळलं नसतं. ते वाक्य तिने लिहिलंही. तासभर ते पडद्यावर होतं. पण यंत्रदोष लिहिला की मागचे हिशेब बंद होतात. नियमच तसा होता. मांजरडोहला तीन वर्षांचा फरक मग कधीच मिळाला नसता. आणि ती अकरा नावं कशामुळे गेली, हे कुठल्याच कागदावर आलं नसतं. तिने वाक्य पुसलं आणि सगळं लिहिलं. स्वतःच्या छापील सहीचं पत्रही जोडलं.

निघताना आई तिला सोडायला दारापर्यंत आली नाही. "तुझ्या भावाच्या माघारी माझं सगळं तिनं केलं," एवढंच ती आतून म्हणाली.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी, कलेक्टर कचेरीच्या सभागृहात झाली. मंडळाच्या सुनावण्या खुल्या असत. कुणीही यावं, प्रश्न विचारावा. एरवी वीस-पंचवीस माणसं येत. त्या दिवशी खडकोळहून दोन बस आल्या होत्या आणि मांजरडोहहून एक. अध्यक्ष, न्यायमूर्ती इनामदार, सत्तरीचे, कानाला यंत्र लावलेले गृहस्थ होते. त्यांनी अहवाल वाचून दाखवायला सांगितला. वसुधाने उभं राहून तो वाचला. वाचताना तिने समोर पाहिलं नाही.

"राजमतीबाई, तुम्हाला काही म्हणायचं आहे?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"लिहिलंय ते खरं हाय साहेब. मीच केलं. माझ्या माणसांतल्या कुणाला म्हाईत नव्हतं."

खडकोळच्या बाजूने गलका झाला. रफिक उभा राहून सांगू लागला की या बाई नसत्या तर आपण आज इथे नसतो. त्याच्या मागे आणखी चौघे उभे राहिले. न्यायमूर्तींनी सगळ्यांना बोलू दिलं. मग दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या रांगेतून एका माणसाने हात वर केला. पांढरा सदरा, केसांत खडीची धूळ कायमची बसलेली.

"भीमराव खिलारे, मांजरडोह," तो म्हणाला. "माझी मुलगी अनुजा. खाणीच्या वजनकाट्यावर नोकरी करायची. बावीस वर्षांची होती. यादीत तिचं नाव सात महिने होतं. श्रावणात गेली." तो राजमतीकडे वळला. "मला बाईंना एकच विचारायचंय. श्रावणात तुमच्याकडे किती खाटा रिकाम्या होत्या?"

वसुधाला ते उत्तर माहीत नव्हतं. अहवालात तो प्रश्न तिला सुचलाच नव्हता.

"सहा," राजमती म्हणाली.

"सहा," भीमरावांनी मान हलवली. "आमच्या गावापासनं चाळीस किलोमीटर."

"बाहेरच्या तालुक्यातलं माणूस घ्यायचं न्हाई असा नियम हाय," राजमती म्हणाली, आणि लगेच स्वतःच मान हलवली. "पण त्याच्या आड मी लपत न्हाई. मी एक नियम मोडतच होते. मोडायचाच होता तर तो मोडाय पायजे होता. तुमच्या पोरीला आणून निजवाय पायजे होतं. आमची माणसं जगवायची एवढंच माझ्या डोळ्यापुढं होतं. खाट रिकामी दिसली की मला बरं वाटायचं. ती कुणाची खाट हाय, हे मी विचारलं न्हाई."

भीमराव बसले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, शापही त्यांनी दिला नाही. न्यायमूर्ती इनामदार पुढ्यातल्या कागदावर काहीतरी लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

"हा 'बाहेरच्या तालुक्यातलं माणूस नको' नियम कुणी केला?" त्यांनी विचारलं.

"मंडळानं, साहेब," पडवळ हळूच म्हणाले. "दुसऱ्या बैठकीत."

"म्हणजे मी," न्यायमूर्ती म्हणाले, आणि तेही लिहून घेतलं.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. मांजरडोहला तीन वर्षांचा फरक देण्याचा आदेश निघाला. त्यातला निम्मा खडकोळच्या पुढच्या हप्त्यांतून वळता होणार होता. तालुक्याची हद्द रद्द झाली; कुठलीही रिकामी खाट कुणालाही. सूत्रात एक कलम घातलं गेलं की आकडा उतरला तरी तीन वर्षं वाटा कापायचा नाही. पण कलम पुढच्या आर्थिक वर्षापासून लागू होणार होतं, आणि खोट्या नोंदींमुळे खडकोळ त्यातून वगळलं गेलं. मंडळाच्या नावाने जाणारं प्रत्येक नकाराचं पत्र माणसाने वाचून, हाताने सही करूनच पाठवायचं, असंही ठरलं. राजमतीवर फौजदारी खटला भरला नाही, पण निधीच्या कुठल्याही कामावर पाच वर्षं बंदी आली. 'उभारी'च्या दहा खाटा उरल्या. त्यांचा भार रफिकने उचलला.

वसुधाने तीनदा घरी फोन केला. आई उचलायची, प्रकृतीचं सांगायची आणि ठेवायची. वहिनी कांड्या भरायला जातात, एवढंच कळलं.

फाल्गुनात मांजरडोहचं केंद्र उघडलं. चैत्रात तिथली रेघ पहिल्यांदा खाली वळली. वसुधाने ते पाहिलं आणि बाजूचा आलेख उघडला. खडकोळची रेघ आता जिवंत होती. पगाराला चढायची, रविवारी उतरायची. आणि गेले सहा आठवडे ती हळूहळू वर जात होती. छाटलेले रेणू वाढत होते. हे खरं होतं. ही माणसं होती. निकालानंतर बसवलेल्या पेट्यांच्या नव्या जाळ्यात प्रत्येक गल्लीची पेटी वेगळी असल्याने ती नक्की कुठली, हेही तिला दिसत होतं. दोन गल्ल्या. त्यांतली एक तिच्या शाळेच्या वाटेवरची.

गल्लीचं नाव बाहेर सांगणं हा गुन्हा होता. एकदा का पोलीस किंवा मालक त्या दारांवर जाऊ लागले की लोक गटारापासूनसुद्धा लपतील, म्हणून कायदाच तसा केला होता, आणि तो कायदा वसुधाला पटत होता. जादा निधी यायचा तर तिमाही सरायला हवी. तोवर तिने काय करायचं? तर बघायचं. रोज सकाळी येऊन रेघ किती चढली ते बघायचं.

तिसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि खडकोळची बस धरली.

घरी आई एकटीच होती. "राजमती फिरायला गेलीय," ती म्हणाली. "कामावरनं आली की रोज जाते. कोपऱ्यावर बघ, लांब नसेल गेली."

उन्हं कलली होती. राजमती वहिनी मगदूम गल्लीच्या तोंडाशी सापडल्या. पायांत स्लीपर, केसांत सुताची तुसं, हातात एक वही. वसुधाला बघून त्या थबकल्या. पाच महिन्यांनी त्या दोघी समोरासमोर येत होत्या.

"रजा काढलीय," वसुधा म्हणाली. "कामासाठी आलेली नाही."

राजमतीने तिच्याकडे नीट बघितलं. "चढलाय ना आकडा?"

चेहरा लपवणं वसुधाला लहानपणापासून जमत नव्हतं.

"मला वाटलंच. खाटा कमी झाल्या तवाच वाटलं." त्यांनी वही काखेत धरली. "कुठली गल्ली ते सांगू नका. तुमचा नियम हाय तो, आणि बरोबर हाय. मी सगळ्याच गल्ल्या करते. दार वाजवते, बसते, पाणी मागते. पगार न्हाई, सही न्हाई, मंडळाची बंदी त्यावर न्हाई. परवा एक बाई रडली. काल दोघं मांजरडोहला गेले. आपल्या दहा भरल्यात ना, तिथं तीन रिकाम्या होत्या. भीमराव स्टॅण्डवर घ्यायला आले होते त्यांना."

"भीमराव?"

"मी फोन केला होता. पहिल्यांदा त्यांनी ठेवून दिला. मग त्यांनीच केला."

सहीबद्दल, आईबद्दल, सभागृहाबद्दल वसुधा बसमध्ये बरंच जुळवून आली होती. त्यातलं काहीच आता आठवेना.

"वहिनी, मी येऊ तुमच्याबरोबर?"

राजमतीने तिच्या पायांतल्या शहरी चपलांकडे पाहिलं. "एकशेचाळीस दारं हायत या बाजूला."

"असू दे."

"काही घरांत बोलून घेतील तुम्हाला. तुमचं नाव सगळ्यांना म्हाईत हाय आता."

"असू दे," वसुधा पुन्हा म्हणाली.

राजमतीने वही तिच्या हातात दिली, आणि पहिल्या दाराची कडी वाजवली.